मुक्काम जबलपूर, परदेश

२ जानेवारी १९५९
आजपासून रोजनिशी. अखेर परदेशी मिशनरी झालो.

पुष्पा (सौ.) म्हणाली, परदेश कायचा, गोंदियाहून छोटी गाडी धरली का आलं जबलपूर. तिला राजकारण समजत नाही. पूर्वी नागपूर-जबलपूर एकाच प्रांतात होते, ती गोष्ट वेगळी. आता नागपूर मुंबई राज्यात, जबलपूर मध्य प्रदेशात. मधे सरहद्द आली. पाणी वेगळं, भाषा वेगळी, पोळीला रोटी. सरहद्द ओलांडून मुलांची सेवा करणाऱ्याला आणखी काय म्हणतात? नागपूरच्या चर्चच्या मंडळीनं स्टेशनवर हार घातला तेव्हा कोणी हसलं नाही. एक शालिग्राम हसला, पण तो मयतीतही हसतो.

अनाथ मुलांचं बालगृह आहे. मी हाउस-फादर, पुष्पा मदतीला, राहायला क्वार्टर. वर पाद्री दयाल. ते इकडचेच, हिंदी बोलणारे, गावातल्या सदर भागात राहतात.

निश्चय. पहाटे साडेचारला उठून प्रार्थना. इंग्रजी बंद, ज्या देशात सेवा त्या देशाची भाषा, म्हणजे पाद्रीसाहेबांशीही हिंदीच. हिंदी अवघड नाही. मराठीच आहे, शेवटी ‘है’ लावायचं. आणि मुख्य म्हणजे कोण्या एका मुलावर जीव लावायचा नाही. मिशनऱ्याला सगळी सारखी.

३ जानेवारी
साडेसातला उठलो. इथली थंडी आपली नाही. शरीराला नव्या देशाची सवय होईपर्यंत पांघरुणातच प्रार्थना करावी असं ठरवलं. प्रभूला पांघरुणातलंही ऐकू येतं.

११ जानेवारी, रविवार
काल मुलांनी पाण्याच्या हौदात अख्खा साबण टाकला. मी गरजलो, कल सुबह सबको शिक्षा मिलेगी. आज सकाळी छडी घेऊन गेलो तर सगळी पोरं अंघोळ करून, केसांना तेल लावून, पाट्या मांडीवर घेऊन हसत बसलेली. पाद्रीसाहेब उपासनेला आले होते. म्हणाले, रविवार को भी शिक्षा, आप धन्य हैं. छडी पाठीमागे लपवली.

माझा स्वभावच असा प्रेमळ की मुलं शिक्षेलाही भीत नाहीत.

२५ जानेवारी
नर्मदा नावाची पोरगी आली आहे. तीनेक वर्षांची असेल. घाटावर कोणी सोडून गेलं, म्हणून पाद्रीसाहेबांनी हे नाव दिलं. पुष्पाच्या कुशीशिवाय झोपत नाही. मला ‘बाबू’ म्हणते. पुष्पाला समज दिली की नियम म्हणजे नियम, एकीचे लाड नकोत. ती म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात कोणी मला आई म्हटलं नाही, ही पोरगी म्हणते तर म्हणू द्या नं जी.

संध्याकाळी गावात ओमतीकडे काम होतं. येताना खोव्याची जलेबी आणली. सगळ्या मुलांपुरती नव्हती, म्हणून भांडणं नकोत या विचारानं एकट्या नर्मदेला दिली. स्वैपाकघराच्या मागे नेऊन.

१५ फेब्रुवारी
उपवासकाळ चालू आहे. ईस्टरपर्यंत दिवसातून एकदाच जेवायचं ठरवलं होतं. अकरा वाजता पोहे खाल्ले. पोह्याला जेवण म्हणत नाहीत.

२२ फेब्रुवारी
मुलांमध्ये खरजेची साथ. गंधकाचं मलम चोळता चोळता मलाही झाली. दोन्ही हातांच्या बोटांत आग आग. पुष्पाजवळ म्हटलं, ही सेवेची पदकं आहेत. ती म्हणाली, पदकं नाही, अंघोळीची चालढकल आहे. परदेशात मिशनऱ्याची बायकोसुद्धा त्याला ओळखत नाही. फार एकटं वाटून राहिलं आज.

मग नर्मदा आली आणि माझ्या हातावर फुंकर घालत बसली. आग थांबत नाही तिच्यानं. पण हात काढून घेतला नाही मी.

१ मार्च
पाद्रीसाहेब चहाला आले. पुष्पानं भजी तळली. भजी खाताखाताच ते म्हणाले की बिलासपूरहून एक मास्तर आणि त्यांची बायको येणार आहेत, नर्मदेला पाहायला. साहजिक आहे. ईस्टरसाठी मी तिचं गाणं बसवतो आहे, त्याची कीर्ती बिलासपूरपर्यंत जाणारच.

मग फार मायेनं विचारलं, चिंतामणीजी, आपको कोई आपत्ति तो नहीं? इतक्या वर्षांत कोण्या साहेबानं माझी अशी विचारपूस केली नाही. खरूज सांगावी काय, असं क्षणभर वाटलं. पण मिशनऱ्यानं रडगाणं गाऊ नये. म्हटलं, प्रभु की कृपा से हमको कोई आपत्ति नहीं. त्यांनी पुन्हा विचारलं, आपकी पत्नी को? मी म्हटलं, उनको भी बिलकुल नहीं, घी-दूध सब है.

साहेबांनी बशी बाजूला सारली. भजी तशीच राहिली, ती मी संपवली.

८ मार्च
बिलासपूरचं जोडपं येऊन गेलं. नर्मदेनं गाणं म्हटलं, बाई पदराआड रडली. बसवलेल्या गाण्याचा परिणाम. जाताना त्यांनी पोरीला लाल सँडल घातले. बक्षीस असेल.

१५ मार्च
लिहायला हात चालत नाही.

ते नर्मदेला घेऊन जाणार आहेत. कायमचं. ईस्टर झाला की. त्यांना मूलबाळ नाही. स्वैपाकीणबाईनं पुष्पाला सांगितलं, सगळ्यांना माहीत होतं, फक्त आम्हाला नाही. पुष्पा भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. जेवणाच्या वेळी म्हणाली, आमालेबी नाही नं मूलबाळ. तुम्ही जा अन् सरळ सांगा का पोरगी आमाले पाहिजे.

तिला समजावलं की असं भिकाऱ्यासारखं मागायचं नसतं. संस्थेशी संस्थेच्या भाषेत बोलावं लागतं. मी राजीनामा देणार. नर्मदा गेली तर मीही गेलो. माझ्याशिवाय हे बालगृह आठ दिवस चालायचं नाही, हे पाद्रीसाहेब जाणून आहेत. धावत येतील.

पुष्पा म्हणाली, राजीनामा कायले मधात? पोरगी मागा नं. बायकांना डावपेच समजत नाहीत.

१७ मार्च
सदरला गेलो. पाद्रीसाहेब जेवत होते. जेवणाऱ्या माणसाला धक्का देऊ नये. परत आलो.

१८ मार्च
गेलो. त्यांच्याकडे पाहुणे. परत.

२० मार्च
दिला!

आरशापुढे तयारी केली होती. आत गेलो, बसलो नाही. ताठ उभा राहून म्हटलं, पाद्रीसाहब, नर्मदा के विषय में मैं राजीनामा देता हूँ. एवढंच.

साहेब खुर्चीतून उठले. मला छातीशी धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, मुझे मालूम था आपके दिल पर क्या बीत रही है, आपने मेरा बोझ हलका कर दिया. माणूस पार वाकला. निघताना घरी न्यायला केक दिला.

पुष्पाला सांगितलं, पोरगी कुठं जात नाही, साहेब अक्षरशः रडले. तिनं दोनदा विचारलं, पोरगी मागितली नं? म्हटलं, त्यात सगळं येतं. तिनं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं आणि कात्री लावली. नर्मदेला ईस्टरचा फ्रॉक. लुगड्याचा जीव गेला, पण मी काही बोललो नाही. आज घरात सण होता.

२७ मार्च, उत्तम शुक्रवार
सदरकडून काही निरोप नाही. म्हणजे साहेब मनातल्या मनात माघार घेत आहेत. मोठ्या माणसाला वेळ द्यावा लागतो.

२९ मार्च, ईस्टर
नर्मदेनं हिरव्या फ्रॉकात गाणं म्हटलं. पुढच्या बाकावर बिलासपूरचे दोघं. हे कायला आले, असं पुष्पानं विचारलं. मी म्हटलं, निरोप घ्यायला.

मग पाद्रीसाहेब व्यासपीठावरून म्हणाले की आज का आनंद दूना है, नर्मदा को घर मिला, और हमारे भाई चिंतामणी ने ख़ुशी से राजीनामा कर लिया. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले. सवय.

खाली बसल्यावर ध्यानात आलं. माझ्या राजीनाम्याला टाळ्या? खुशीनं? पोरगीही गेली आणि नोकरीही. क्वार्टर रिकामं करायला किती मुदत देतात कोण जाणे. पुष्पा माझ्याकडे पाहत होती. मी प्रार्थनेच्या पुस्तकात पाहत होतो.

३० मार्च
सकाळीच दीक्षितपुऱ्यात भय्यासाहेब वकिलांकडे पळालो. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेला मराठी माणूस, त्यांच्याकडे मी नागपूरचा पेपर वाचायला जातो. विचारलं, तोंडी दिलेला राजीनामा मागे घेता येतो काय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग टोपी काढून बाजूला ठेवली. म्हणाले, अरे भाई, नोकरी सोडायची तर इथं इस्तीफा म्हणतात. राजीनामा म्हणजे दोन पार्ट्यांचा समझोता. भांडण मिटलं, माझी काही तक्रार नाही. आमच्या कोर्टात रोज होतात. तुम्ही पोरीवरचा हक्क सोडून आलात.

खरं लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही. आधी बरं वाटलं. नोकरी शाबूत होती.

मग धावत सुटलो. पोचेपर्यंत टांगा येऊन गेला होता. पुष्पानंच तिला तयार केलं, चटणी-पोळी बांधून दिली. नर्मदा टांग्यात चढताना विचारत होती म्हणे, बाबू किधर है.

३१ मार्च
पाद्रीसाहेबांकडे गेलो. या वेळी बसलो. ते म्हणाले, पहला नाम तो आप ही का था. मैंने घर आकर पूछा, आपने कहा कोई आपत्ति नहीं. मैंने आपकी पत्नी का भी पूछा. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत असते म्हणे. एक बार कह देते, बच्ची आपकी थी, असं ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड केलं. आता त्या घरातून परत कसं आणायचं, तिनं काल स्टेशनवरच त्या बाईला अम्मा म्हटलं सुद्धा.

राजीनाम्याचा मराठी अर्थ मी त्यांना सांगितला नाही. क्वार्टर आठवलं. प्रभू, ही कसली भाषा दिलीस तू माणसांना. ऊर फाटून राहिला आहे आणि कोण्या भाषेत रडू समजत नाही.

२ एप्रिल
पुष्पानं ट्रंक भरली आहे. भांडी गोणपाटात बांधली. ती समजते मी नोकरी सोडली. माझ्या पानात वाढताना म्हणाली, पोरगी नाही भेटली, नशीब आपलं. पण तुम्ही तिच्यापायी नोकरीवर लाथ मारली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. मले वाटत नव्हतं तुमच्यानं होईल म्हणून.

लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

उद्या खरा इस्तीफा द्यावा. नक्की.

३ एप्रिल
सदरला गेलो. पाद्रीसाहेबांच्या फाटकापर्यंत. ऊन फार होतं.

४ एप्रिल
पुष्पाला आज सांगून टाकलं की आपल्याला जावं लागणार नाही. पाद्रीसाहेबांनी राजीनामा घेतलाच नाही. अक्षरशः हातापाया पडले, म्हणाले चिंतामणीजी, तुमच्याशिवाय हे घर चालायचं नाही, काय पाहिजे ते मागा पण जाऊ नका.

ती गोणपाटाची गाठ सोडत होती. हात थांबले. म्हणाली, इतके हातापाया पडून राहिले होते, तर पोरगी काहून नाही मागून घेतली?

बाहेर मुलं दुधासाठी ओळीत उभी होती, तिकडे गेलो.