पाच वेळा डोललेल्या मानेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक, बाजार विभाग,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : सुनावणीत डोललेली माझी मान संमती न समजणेबाबत.
संदर्भ : गाळा क्र. १४ माझ्या मेहुण्यांच्या नावे करण्याचा आपला आदेश.

महोदय,

१) मी घड्याळे दुरुस्त करतो. बावीस वर्षे गाळा क्र. १४ मध्ये बसतो. दोन्ही कानांना यंत्रे आहेत. शांत खोलीत ती चालतात. आपल्या दालनात पंखे, शिक्के आणि मागची रांग एकदम बोलू लागतात. म्हणून गाळ्याच्या मुदतवाढीसाठी असलेल्या (असे मी समजत होतो) सुनावण्यांना मी पत्नीच्या धाकट्या भावास सोबत आणले. आपण बोलत असताना ते कानाशी सांगत, "भाऊजी, साहेब म्हणतात, मुदत वाढेल, काळजी करू नका." मी आपल्याकडे पाहून मान डोलावीत असे.

२) पाचव्या सुनावणीपूर्वी, माझ्या सतरा अर्जांनंतर, आपण गालिच्याखाली तार बसवलीत. यंत्राचे बटण फिरवले की टेबलावरच्या माइकमधले बोलणे, बाकी गोंगाट वगळून, थेट कानात येते. याबद्दल आभार मानावेत की कसे, हे अद्याप ठरलेले नाही.

३) त्या दिवशी मी बटण फिरवले. आपला आवाज प्रथमच नीट ऐकला, गोड आहे. आपण विचारत होता, "गाळा यांच्या नावे करायला अर्जदाराची हरकत?" माइकपाशी उभे असलेले मेहुणे म्हणाले, "छे हो साहेब, त्यांचीच इच्छा! ऐकू येत नाही, गिऱ्हाईक टिकत नाही." मग माझ्याकडे वाकून, "भाऊजी, झालंच समजा."

४) अशा वेळी माणूस ओरडतो. मला जुनी सवय नडली, मान डोलली. आपण "पाचव्यांदा संमती" असे नोंदवून घेतलेत. महोदय, ऐकू न येणारा माणूस मान डोलावतो ती समोरच्याची पंचाईत होऊ नये म्हणून. शेजाऱ्याने त्याचा भाऊ वारल्याचे सांगितले, तेव्हाही मी हसून डोलावली आहे.

५) फेरसुनावणी मागितल्यावर आपले पत्र आले. कार्यालयातले खासगी बोलणे रांगेतल्यांच्या यंत्रात ऐकू जाते, सबब तार बंद केली आहे. अर्जदाराने "विश्वासू नातेवाइकास" सोबत आणावे. असा नातेवाईक मला एकच होता. तो काल आमच्याकडे जेवला. मला ऐकू आले हे त्याला ठाऊक नाही, आणि त्याच्या बहिणीला सांगण्याचे धैर्य मला झालेले नाही.

६) तरी दहा मिनिटे तार चालू करावी. मी एकटा येईन. मान दोन्ही हातांनी घट्ट धरून "हरकत आहे" एवढेच तोंडाने बोलेन. ते नोंदवून घ्यावे.

उत्तर गाळ्यावर पाठवावे. घरचे टपाल पत्नी उघडते. मात्र आदेशात गाळा सोडण्यासाठी दिलेल्या पंधरा दिवसांच्या आत पाठवावे. सोळाव्या दिवशी गाळ्यावर आलेले पत्र माझे मेहुणे घेतील, आणि त्यात काय लिहिले आहे ते मला कानाशी येऊन सांगतील.

आपला नम्र व असहमत,
(सही)
घड्याळवाला, गाळा क्र. १४
दिनांक : आदेशाचा चौथा दिवस