सुताराच्या लेकीने झाड ठोकलं

तीर्थरूप बाबांना,
ओढ्याकाठच्या बाकावर बसून, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. नोकरी ठीक, जेवण वेळेवर. आईला एवढं मोठ्याने वाचून दाखवा. तिचा गुडघा कसा आहे?

आज सुट्टी म्हणून ऑफिसातले आम्ही दहाजण रानवाटेने भटकायला आलो. शहरापासून बसने अर्धा तास आणि एवढी गर्द झाडी! ओढ्यावरच्या पुलाजवळ एक जाडजूड झाड दिसलं आणि माझा हात काही गप्प बसेना. तुम्ही लाकूड निवडताना करता तसं बोटं दुमडून तीनदा ठोकलं, कान लावला. आवाज भरीव. आतून ठणठणीत!

वळून बघते तर आमचे साहेब तसंच तीनदा ठोकून झाडाला कान लावून उभे, आणि त्यांच्यामागे सगळी रांग! त्यांना वाटलं, आमच्या गावाकडे रानात शिरताना अशीच परवानगी मागतात. मीही त्यांना तसंच वाटू दिलं. हसता हसता डोळे भरून आले, पण हे आईला वाचून दाखवू नका.

ती म्हणते, उजव्या हाताच्या ऑपरेशननंतर तुम्ही कारखान्याचं कुलूपच काढलेलं नाही. रंधा राहू दे. नुसतं जाऊन डाव्या हाताने फळ्या ठोकून या. इथे नऊ परक्या माणसांना ते जमलं, बाबा.

तुमची,
धाकटी