टाळूची प्लेट

विश्रांतवाडी, पुणे
१० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज रविवार. नऊला तुझा फोन आला तेव्हा सृष्टीने, बाबा आंघोळीला गेलेत, असं सांगितलं. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. ऑपरेशन झाल्यापासून तीन महिने दर रविवारी असाच बसतो. तू विचारतेस, जेवतो का, झोपतो का, आणि मी मान हलवतो.

डॉक्टरांनी वरचा जबडा उजवीकडून काढला, तिथे टाळूला भोक राहिलं. ते झाकायला दातांसकट एक प्लेट दिली आहे. ती बसवली की चहा नाकातून येत नाही. पण जखम भरते तसा भोकाचा आकार बदलतो, प्लेट सैल होते आणि बोलणं सगळं नाकात जातं. घरच्यांना चारातले दोन शब्द कळतात. तुला एकही कळला नाही तर काय, म्हणून फोन घेत नाही.

एक विचारायचं होतं. प्लेट उष्टी, म्हणून पूजेला बसताना काढून ठेवतो. मग स्तोत्र म्हणजे नुसता वारा. देवाला चालत असेल का?

माया आहे तशी असू दे.
तुझा,
हिंमत

१७ नोव्हेंबर

चि. हिंमत यास,
अ. आ.

पत्र पोचलं. तीन महिने बरोबर रविवारी नऊलाच आंघोळ करणारा माणूस मी पाहिला नाही, तरी गप्प बसले. पोरगी बिचारी तुझ्यापायी खोटं बोलायला शिकली.

प्लेट उष्टी म्हणतोस. मग पन्नास वर्षं तोंडात दात होते, ते पूजेच्या वेळी खुंटीला टांगत होतास काय? घालून बस.

तूर फुलावर आहे. देवळात आरतीला, तू गावी आलास की जिथे उभा राहायचास, तिथे आता बाबुराव उभा राहतो. त्याचा सूर चांगला आहे. मी लवकर घरी येते.

मला शब्द नकोत रे. तुझा आवाज ऐकायचा आहे.

सृष्टीच्या आईला आशीर्वाद.
तुझीच,
द्वारका

विश्रांतवाडी, पुणे
२९ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल दवाखान्यात नवी, पक्की प्लेट बसवली. ती तयार करणारा तेजस तिथेच होता. त्याने मला शंभरपासून उलटे आकडे म्हणायला लावले. सगळे नीट आले. मग म्हणाला, काका, आता कुणाला तरी फोन करून बघा. माझा फोन घरी राहिला होता, त्याने त्याचा दिला. तुझा नंबर पाठ आहे.

मी म्हणालो, ताई, मी हिंमत, दवाखान्यातून बोलतोय. तू राँग नंबर म्हणालीस आणि फोन ठेवलास. पुन्हा लावला, तर उचलला नाहीस.

तेजस म्हणाला, शब्द स्वच्छ होते काका, रेंज नसेल. भला मुलगा आहे. तुझी चूक नाही, ताई. रविवारी सृष्टीच बोलेल, मी शेजारी असेन. पूजेला मात्र प्लेट घालून बसतो.

राग मानू नकोस, इतकंच मागणं.
तुझा,
हिंमत

४ डिसेंबर

चि. हिंमत यास,
अ. आ.

तुझे शब्द सगळे कळले. तेच तर झालं. अनोळखी नंबर, अनोळखी माणूस, आणि तो म्हणतो हिंमत, म्हणतो दवाखाना. मला वाटलं, हा तुझ्याबद्दल काहीतरी वाईट सांगणार. ते ऐकायचं नव्हतं, म्हणून ठेवला. पुन्हा वाजला तेव्हा उशीखाली दाबून धरला.

दुपारभर ओट्यावर बसून होते. संध्याकाळी धीर करून सृष्टीला, सहज फोन केला असं म्हणत, विचारलं, बाबा काय करतात. म्हणाली, पोळी खातायत, न कुस्करता. मग मी पाणी प्यायले. तो माणूस तूच होतास, हे तुझ्या पत्राने कळलं.

खोटं लिहीत नाही. तो तुझा आवाज नव्हता. तुझा आवाज गेला, हे मला आता समजलं आहे आणि त्याच्यासाठी मी दोन दिवस रडणार आहे. तू मध्ये पडू नकोस.

पण रविवारी नऊला तूच फोन कर आणि बोलत राहा, चांगला तासभर. मला त्या माणसाशी ओळख करून घ्यायची आहे.

वाट पाहणारी,
द्वारका