सात डबे आणि नानांचं गोणपाट

३ फेब्रु. ६९, जळगाव
माणसं सातला कामावर, ओळंबा सापडला साडेनऊला. कुठे? सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांखाली! मी बोंबललो. गंगाराम गवंडी शांतपणे म्हणतो, "मंग तवर मी काय करू, भाऊ?" बिडी ओढ, म्हटलं. ओढली लेकाने, एक सोडून दोन.
हे काम आठवड्यात संपतंय. पुढे धुळ्याला शाळेच्या तीन खोल्या. माझ्या स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. बारा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली. जिल्हा परिषदेच्या इंजिनिअर साहेबांनी तोंडावर सांगितलंय, पंचवीस मार्चच्या आत स्लॅब, नाहीतर पुढच्या शाळा दुसऱ्याला. हत्यारं अशी उकिरड्यासारखी पडली तर डोंबलाचा स्लॅब होतोय.

५ फेब्रु.
सुचलं. किराणावाल्या शेठजींकडे शेंगदाणा तेलाचे रिकामे डबे, सगळे एका मापाचे. एक बाजू कापायची, कडा आत दुमडायच्या. सुताराकडून लाकडी घोडा, त्यात सात खण. डबा आडवा सरकवला की बसला. ट्रकमध्ये एकावर एक. साइट कुठलीही असो, घोडा तोच, डबे तेच.
सुमती म्हणाली, "अहो, फरसाणाचं दुकान टाकताय का?" आधी चिडलो. मग मलाही हसू आलं. अंगठा पत्र्याने कापला, हळद तिनेच लावली.

९ फेब्रु.
डब्यांवर रंगाने आकडे आणि चित्रं काढली. निम्म्यांना अक्षर येत नाही, चित्र तर कळेल. एकात थाप्या, एकात हातोडे, एकात छन्न्या, एकात ओळंबे. ओळीत लावून दोनदा लांबून पाहिलं. झकास.

१३ फेब्रु., धुळे
ट्रक रिकामा व्हायला वीस मिनिटं. एरवी दुपार जाते.
पण सकाळी काम सुरू होताना फजिती. सात जोड्या, म्हणजे सात गवंडी आणि त्यांच्या हाताखालच्या सात बाया, सगळ्या थापीच्या डब्याशी. मग सगळ्या ओळंब्याच्या डब्याशी. ढकलाढकली, शिवीगाळ. माल कालवणारी केवळबाई कमरेवर हात ठेवून म्हणते, "भाऊ, हाई ते रेशनना दुकानसारखी लाइन लागनी!" मग मला शिकवायला लागली: "मी नवराना डबा बांधस, त्यामा भाकर, भाजी, मिरची बठ्ठं ऱ्हास. नुसत्या भाकरी एक डबामा कोन भरस?"
एवढी साधी गोष्ट. मी गाढव.

१४ फेब्रु.
पुन्हा रंग. एका जोडीला एक डबा, त्यात सगळं एकेक. संध्याकाळी प्रत्येकाने आपला भरून खणात सरकवायचा. आज सात वाजून दहा मिनिटांनी पहिली वीट बसली. घड्याळ दोनदा बघितलं.

१७ फेब्रु.
डबा नं. १ तसाच रिकामा. तो शंकरनानांचा. साठी उलटलेली, धरणगावकडचे, आमचे हेडमिस्त्री. मला थापी धरायला त्यांनीच शिकवलं. आपली हत्यारं गोणपाटात गुंडाळतात, खुंटीला टांगतात. तिथून हलवत नाहीत. म्हटलं, "नाना, नियम सगळ्यांना."
"तू नियम कर. मी भिंत करस."
सगळे फिदीफिदी हसले. 

२४ फेब्रु.
गंगारामची थापी बाहेर. डाफरलो तर म्हणाला, "नानाले चालस, माले का नही?" बरोबरच आहे त्याचं.
नाना जेवायला बसले तेव्हा गोणपाट काढलं आणि सगळं माझ्या हाताने डबा नं. १ मध्ये लावलं. ओळंब्याच्या दोरीतला, भिंतीला टेकवायचा लाकडी ठोकळा पार झिजलेला, तो बदलून नवा घातला. जरा नीट दिसू दे. नाना आले, खुंटी चाचपली, माझ्याकडे वळून उभे राहिले. मग डब्यातून थापी घेऊन भिंतीशी गेले. जिंकलो म्हणायचं.

२६ फेब्रु.
मागच्या खोलीचा कोपरा ओळंब्यातून चार सूत बाहेर. अर्धा इंच! तोही नानांच्या हातचा. साहेब येत्या आठवड्यात येणार. माझं डोकंच फिरलं, सगळ्यांसमोर ओरडलो, "नाना, डोळे फुटले का?"
नानांनी थापी धुतली. हातपाय धुतले. पाचच्या एस.टी.ने गेले.
कोपरा पाडला. विटा वेचता वेचता केवळबाई हळूच म्हणाली, "त्यास्ले दिसस नही, भाऊ. दिवाळीपासून. तुमले माहीत नही का?"
नव्हतं. रोज बरोबर असून नव्हतं.

२७ फेब्रु.
डबा नं. १ उघडून बसलो. नवा ठोकळा ओळंब्याच्या गोळ्याशी लावून पाहिला. ठोकळा जाड! दोन्ही एका मापाचे नसले की गोळा भिंतीला बरोबर टेकलेला दिसतो आणि भिंत कलते, दर टप्प्याला थोडी थोडी. हे मला नानांनीच शिकवलं होतं, कान पिरगाळून. जुना ठोकळा झिजलेला नव्हताच, गोळ्याच्या मापाला घासून आणलेला होता.
म्हणजे कोपरा मी वाकडा केला. वर त्यांनाच आंधळं म्हटलं. लाज वाटते. 

२ मार्च
नानांच्या गावी. ओट्यावर बसले होते. मी पायरीवर. नानांच्या बायकोने, अक्कांनी, चहा दिला, माझ्याकडे न बघता. ठोकळ्याचं सगळं सांगितलं, चूक माझी, म्हटलं. नाना म्हणाले,
"ठोकळा तुनी बदला, हाई खरं शे. पन डोया चांगला ऱ्हाता ते पहिलाच थरमा समजी जातं. मनी भिंत वाकडी गई, भास्कर. चाळीस वरीसमा पहिली."
मग म्हणाले, गोणपाटात काय कुठे आहे ते हाताला पाठ आहे. डब्यात हात घातला की परक्याच्या घरात गेल्यासारखं वाटतं. आणि चित्रं? "चित्र माले कसाले दावस?"
धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू काढतात, चला, म्हटलं. उठून आत गेले. अक्का दारात येऊन म्हणाल्या, "त्यास्ना भाऊना डोया तठेच गया." त्यांच्या भावाचा डोळा तिथेच गेला. 
परतीच्या एस.टी.त ठरवलं. स्लॅब हवा आणि नाना हवेत. दोन्ही. एकावर भागवणार नाही.

८ मार्च
होळीला गावी गेलेली माणसं परतली. कोपरा पुन्हा उभा केला, गंगारामने. ओळंबा मी स्वतः धरला, तीनदा. साहेब पाहून गेले, हूं म्हणाले. नाना नाहीत. माणसं रोज विचारतात, नाना कधी येणार? येणार, म्हणतो. कुणाच्या जिवावर म्हणतो कोण जाणे.

१६ मार्च
नानांच्या गावी तिसरी खेप. म्हटलं, ओळंबा धरू नका. पण स्लॅबचा माल हातात घेऊन पाणी जास्त की कमी ते सांगणारा माझ्याकडे दुसरा कुणी नाही. लोकांसमोर बोललो ते लोकांसमोर मागे घेतो. नाना म्हणाले, "ते काही करू नको. बाया हासतीन." येतो म्हणाले नाहीत, नाही येत असंही नाही.

२२ मार्च
स्लॅब!
सकाळी पहिल्या एस.टी.ने नाना हजर. हातात काही नाही. मी सगळ्यांसमोर बोललोच, चूक माझी होती म्हणून. कुणी हसलं नाही. केवळबाईने तेवढा पदर डोळ्याला लावला. माझं बोलणं संपल्यावर नानाच म्हणाले, "व्हयनं का? चला, माल कालवा."
दिवसभर घमेली वर. नाना खाली बसून. कालवलेल्या प्रत्येक मालातून मूठभर घेत, दाबत, "पानी कमी कर… हां." दुपारी एकदा माल परत फिरवायला लावला. साहेब तिथेच उभे होते. ऊन उतरायच्या आत स्लॅब संपला. एकही हत्यार शोधावं लागलं नाही. एकही!
माणसं डबे भरून घोड्यात सरकवत होती. नाना आले, खणांवरून हात फिरवत एकेक मोजले. "मना कोनता?" सगळ्यात खालचा, म्हटलं, त्याचा रंग खरवडून काढलाय, हाताला कळेल. त्यांनी डबा ओढला, आतलं सगळं बाहेर काढलं आणि आपल्या मनासारखं पुन्हा लावलं. कमरेएवढ्या उंचीवर पाहिजे म्हणाले, वाकवत नाही. गंगारामने मुकाट्याने आपला डबा खाली घेतला.
एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. धीर करून म्हटलं, मंगळवारी डोळ्यांचे डॉक्टर असतात. मी नंबर लावतो. मी बरोबर राहीन, पट्टी सुटेपर्यंत.
नाना गाडीत चढले. खिडकीशी बसले. मी कुठे उभा आहे ते नीट कळलं नसावं, थोडं बाजूलाच बघत म्हणाले,
"दखू."
बघू तर बघू. मंगळवारी सकाळी सहाला दवाखान्याच्या रांगेत उभा राहणार आहे.