देवाकडे केलेली चहाडी

दादा,

वहिनीला तिच्या माहेरी, नेऱ्याला सोडायला चाललोय. स्कूटर नेतोय, तू रिक्षा कर. रिक्षावाल्याशी मात्र नीट बोल. तो आपल्या चर्चच्या मंडळीतला नाही, त्याला सहन करायची सवय नसेल.

काल घरच्या प्रार्थनेत तू सगळ्यांसमोर हात वर करून म्हणालास, "प्रभू, माझ्या बायकोचा आळस दूर कर, तिला घर सांभाळायची अक्कल दे." अरे, ऐकणारे ज्या खुर्च्यांवर बसले होते, त्या तिनेच शेजारून उचलून आणल्या होत्या! भांडायचं तर माणूस तोंडावर भांडतो. तू थेट देवाकडे चहाडी केलीस. तो काय सोसायटीचा सेक्रेटरी आहे? बरं, प्रार्थना चालू असताना मध्येच बोलता येत नाही, म्हणून मीही मुकाट 'आमेन' म्हटलं. पास्टरकाकांनीही म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने वहिनीनेच म्हटलं. मग ती आत भांडी घासत रडत होती, आणि तू बाहेर प्रेमाने बोलण्याबद्दलचं बायबलमधलं वचन समजावत होतास.

शिरा फ्रिजमध्ये आहे. तोही तिनेच केलाय.

आता देवाची माफी मागून मोकळा होऊ नकोस. वहिनीला फोन कर. प्रार्थनेतला तो आवाज काढलास तर मी तिला फोन ठेवायला सांगेन. नुसतं "चुकलो" म्हण, आणि रविवारी त्याच लोकांसमोर पुन्हा म्हण.

ती परत यायचं म्हणाली तर आणून सोडीन. मी स्वतःहून सुचवणार नाही.

आशेर