चंद्रावर उतरायचा खेळ

सातारा, रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

धाकटा भाऊ सुरेश अमेरिकेहून एक कॅल्क्युलेटर घेऊन आलाय. त्यात चंद्रावर यान उतरवायचा खेळ आहे. चित्र वगैरे काही नाही, नुसते लाल आकडे: उंची, वेग, इंधन. किती इंधन जाळायचं ते ठरवून बटण दाबायचं.

मी शाळेत गणित शिकवते, तरी तीनदा यान आपटलं. आमच्या वडिलांनी, आबांनी, सैन्यात वीस वर्षं ट्रक चालवला. म्हणाले, "घाटात सारखा ब्रेक दाबला तर खाली येईस्तोवर उरत न्हाई, पोरी." आणि दुसऱ्याच डावात अलगद उतरवलं.

सुरेश खुशीत सांगू लागला, पंचवीस वर्षांत माणसं तिथं राहायला जातील. आबा त्या लाल आकड्यांकडंच बघत होते.

"उतरलो. आता परत यायचं बटण कंचं?"

"परत यायचं त्यात नाही, आबा." मग सुरेश मान खाली घालून म्हणाला, "मीबी तिकडंच राहायचं ठरवलंय."

आबांनी कॅल्क्युलेटर त्याच्या हातात दिला. "आईला तूच सांग. आजच सांग." एवढंच.

मला हे महिनाभर माहीत होतं. त्याचं पत्र माझ्या कपाटात आहे. का नाही सांगितलं? तो आल्यावर स्वतः सांगेल म्हणून? की मलाच ते खरं व्हायला नको होतं?

आबांनी मला काही विचारलं नाही. उठताना फक्त माझ्याकडं पाहिलं, आणि मीच नजर वळवली.