कोणता मॉरिस क्विल?

किलनाब्रो, आयर्लंड
सोमवार, ९ सप्टेंबर १९५७

परमपूज्य फादर मॉरिस क्विल यांस, त्यांचा चुलतभाऊ मॉरिस क्विल याचा गुडघे टेकून नमस्कार (डावा गुडघा सुजला आहे, तेव्हा एकच टेकला असे समजावे).

आपली प्रकृती कशी आहे? पेरूला सुखरूप पोचलात ना? आपल्या ताटातल्या बटाट्याचे पूर्वज तिकडचे, असे आपण सुट्टीत सांगितलेत, तेव्हापासून आई जेवताना त्यांचीही खुशाली विचारते. इकडे सर्व क्षेम. आपल्याला ‘आपण’ लिहिताना माझा हात अडखळतो, कारण परक्याच्या ओढ्यातले मासे चोरूनच आपण दोघे वाढलो. पण आई समोर विणकाम घेऊन बसली आहे आणि टाके मोजता मोजता तिची एक नजर माझ्या कागदावर आहे. तेव्हा आदर चालू राहील.

आपण गेल्यावर चौथ्या दिवशी खेळ मंडळाचे पत्र आले. वर ‘मॉरिस क्विल, सचिव’ असे होते म्हणून निभावले. गावचा पोस्टमन मीच आणि क्लबचा सचिवही मीच, तेव्हा ते मी मलाच रीतसर पोचते केले. (नुसते ‘मॉरिस क्विल’ असले की माझी धिंड निघते. गेल्या ईस्टरला त्या नावाने दातांची कवळी आली, ती मी तीन घरी फिरवली. लंबू मॉरिसने ती तोंडात बसवून पाहिली आणि मगच ‘आपली नाही’ म्हणून परत केली.) मंडळाचे म्हणणे असे, की पंचवीस ऑगस्टच्या काठी-चेंडूच्या उपांत्य सामन्यात ड्रोमरॅगच्या बॅट स्कॅनल या खेळाडूला खेळायच्या काठीने आडवे केल्याबद्दल तुमच्या क्लबच्या मिरिश ओ क्विल याला दोन महिने खेळायची बंदी. मिरिश ओ क्विल म्हणजे आयरिशमधला मॉरिस क्विल, हे आपल्याला काय सांगायचे. आणि अंतिम सामना एकोणतीस सप्टेंबरला.

कोणता मॉरिस, हे पत्रात नव्हते. यात खरा दोष आजोबांचा. पहिल्या मुलाला आजोबांचे नाव द्यायची आपली रीत, आणि म्हाताऱ्याने मुलगे काढले पाच. पाचांचे पाच मॉरिस झाले. त्यातले आपण देवाला गेलात (वाईट अर्थाने नव्हे), उरलेले चार इथेच: नोराकाकूचा मॉरिस, पुलावरचा मॉरिस, लंबू मॉरिस आणि पोस्टातला मी. गावात यामुळे कुणाचे अडत नाही. अडते ते संघाच्या यादीत. खेळाडूंची नावे शुद्ध आयरिशमध्ये हवीत आणि कागदही आयर्लंडात बनलेला हवा, हा मंडळाचा नियम. टोपणनाव चालत नाही. (तीन वर्षांपूर्वी मी यादी इंग्लंडच्या कागदावर लिहिली, ड्रोमरॅगवाल्यांनी ती उन्हात धरून कागदातला इंग्लंडचा छाप वाचला आणि आपण जिंकलेला सामना हरलो. तेव्हापासून लोक मला आधी कागद विचारतात, मग प्रकृती.) त्यामुळे त्या दिवशीच्या यादीत मिरिश ओ क्विल, मिरिश ओ क्विल, मिरिश ओ क्विल असे एकाखाली एक आले, जसा काही मी अक्षर सुधारायला बसलो होतो.

आपण त्या रविवारी मठातल्या आजारी जोगिणीला भेटायला शेजारच्या गावी गेला होतात, म्हणून सामना सविस्तर सांगतो. पुलावरच्या मॉरिसला आदल्या संध्याकाळी गायीने लाथ मारली आणि पाय प्लास्टरात गेला. तरी मैदानात तीन मॉरिस मोजून उतरले. (यादीत तीन होते, आणि यादी खोटी पाडणे सचिवाला शोभत नाही.) पाऊस असा, की पंधराही जणांचे चेहरे चिखलाने एकसारखे झाले होते. शेवटच्या दहा मिनिटांत बॅट स्कॅनलने नोराच्या मॉरिसला मागून, चेंडू कुठेही जवळ नसताना, घोट्यावर काठी हाणली. तो कळवळून खाली बसला. पुढच्याच क्षणी स्कॅनल त्याच्या शेजारी आडवा होऊन तारे मोजत होता. पंचांनी वळून पाहिले, समोर काठी घेतलेला एक क्विल उभा होता. नाव विचारले, त्याने नाव सांगितले, खोटे एक अक्षर सांगितले नाही, आणि खाली मान घालून तो बाहेर गेला. सामना आपण एका गुणाने जिंकला.

मंडळाचे अध्यक्ष प्रेंडरगास्ट चौकशीला स्वतः आले. आधी हॅनाच्या दुकानात शिरले.

“मॉरिस क्विल कुठे राहतो?”

हॅना चहाचे पुडके बांधत होती. “कोणाचा?”

“मॉरिस क्विल हो, बाई.”

“ते कळलं. पण कोणाचा? नोराचा, पुलावरचा, पोस्टातला का लंबू?”

“ज्यानं मारलं तो.”

“असं तोंड करून फिरलात तर चौघांपैकी कोणीही मारेल, साहेब. दार ओढून घ्या, वारा येतोय.”

मग ते स्कॅनलकडे गेले. स्कॅनल म्हणाला, “तोंड नाही दिसलं. काठी दिसली. पण मारल्यावर तो माझ्यावर वाकला आणि त्यानं क्रॉसची खूण केली. काहीतरी लॅटिन पण म्हणाला.” प्रेंडरगास्टसाहेबांनी वहीत लिहिले, की डोक्याचा मार अजून उतरलेला नाही.

शेवटी हिशेब साधा उरला. पुलावरच्याचा पाय ड्रोमरॅगच्याच डॉक्टरने बांधलेला. लंबू पडला गोलरक्षक, मारामारीपासून शंभर पावलांवर. मी कडेला संत्री सोलत होतो, हे तर सगळ्यांनी पाहिले. राहिला नोराचा मॉरिस. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “उगाच घोळ कशाला? मंडळाच्या उत्तरात माझं नाव घाल.”

“अरे, तू तर खाली बसला होतास.”

“बसलेला माणूस उठू शकतो. घाल नाव.”

मी घातले. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. तीस तारखेच्या बोटीने तो बर्मिंगहॅमला मोटारींच्या कारखान्यात कामाला जातो आहे. गेलेला माणूस कधी परततो ते आपण जाणताच. अंतिम सामना हा त्याचा शेवटचा. आपल्या गावाने करंडक आजवर दुसऱ्यांच्याच कपाटात पाहिला आहे, ते एक सोडा. पण नोराकाकूने त्याला कधी खेळताना पाहिलेले नाही, काठी उगारलेली तिला बघवत नाही. यंदा मात्र ती येणार होती. “डोळे उघडे ठेवीन,” असे तिने आईला शब्द देऊन सांगितले होते. आता ती म्हणते, घरीच बरी.

असो. हवा दमट आहे. शाळेचे छप्पर अजून गळते. आपल्या प्रार्थनेत आम्हा सर्वांची आठवण असू द्यावी.

आपला नम्र चुलतभाऊ,
मॉरिस क्विल (पोस्टातला)

ता. क. आई कोंबड्या कोंडायला गेली. आता नीट ऐक. मारलंस तू. पुलावरच्याची जागा घेऊन उतरलास तू, जोगीण ठणठणीत आहे, आणि पाद्र्यांनी खेळायचं नाही हे बिशपसाहेबांचं फर्मान आम्हालाही पाठ आहे. नोराच्या मॉरिसनं तुझ्यासाठीच तोंड शिवलंय, कारण तू त्याच्यासाठी काठी उचललीस. मी दरवर्षी तुझं नाव सभासदांत ठेवत आलो, तेव्हा तू खेळलास ते नियमात बसतं. मंडळाला तार कर: ‘बाहेर काढलेला मॉरिस क्विल तो मीच. मॉरिस क्विल.’ फादर लिहू नकोस. खोटं काही लिहायचं नाही, फक्त एक शब्द गाळायचा आहे. पाचव्या मॉरिसची तार पेरूहून कशी आली, याचं उत्तर मी बघतो. पण वीस तारखेच्या आत कर. आणि आईला यातलं काही माहीत नाही, तेव्हा उत्तर पोस्टाच्या पत्त्यावर धाड.

ता. ता. क. मॉरिस बाळा, हे तुझी काकू लिहिते आहे. कोंबड्या कोंडायला किती वेळ लागतो, हे या माणसाला चाळिशी आली तरी कळत नाही. त्या रविवारी तू आमच्या जिन्याखाली लपवलेली जर्सी मी तीनदा धुतली, तुझ्या पांढऱ्या कॉलरबरोबर. चिखल निघाला. ती इस्त्री करून नोराच्या दारात टांगून आले आहे. तिला सांगितलं, तुझ्या मुलाची आहे, एकोणतीसच्या सामन्याला लागेल. आता मला खोटं पाडू नकोस.